एकेचाळीस जणांनी पाहिलेला कॅमेरा

जुमादिलच्या नव्या कॅमेऱ्यानं अजून कुणालाही पाहिलं नव्हतं, त्याआधीच त्याला एकेचाळीस माणसांनी पाहून घेतलं होतं.

यात जुमादिलची चूक एवढीच, की ओश शहराहून परतताना त्यानं खोकं पिशवीत न घालता काखेत धरलं. उझगेनसारख्या किर्गिझ गावात काखेतलं खोकं लपत नाही. गाडीतून उतरून घरापर्यंत येईतो ते न्हाव्यानं पाहिलं, तंदूरवाल्यानं पाहिलं, शाळेच्या शिपायानं पाहिलं. आणि चहाचा पहिला पेला तोंडाला लागायच्या आत अंगणात सात जण मांड्या घालून बसले. नवी सून असो, तान्हं मूल असो, नवी गाय असो नाहीतर नवं घड्याळ, पहिल्यांदा बघायचं तर रिकाम्या हातानं बघत नाहीत. कोरुमदुक म्हणून काहीतरी पुढ्यात ठेवायचं, दोन्ही तळवे उघडून दुवा द्यायची, आणि मग निवांत नावं ठेवायची. कुणी अक्रोड आणले, कुणी रुमाल, कुणी अंडी. तंदूरवाल्यानं चार गरम नान आणल्या आणि बसल्या बसल्या त्यातली दीड स्वतःच संपवली. जुमादिलची थोरली बहीण कालिचा आपा पलीकडच्या गल्लीतून चक्क मेंढा ओढत घेऊन आली. मेंढ्यानं कॅमेऱ्याकडे पाहिलं नाही, म्हणून तो एकेचाळिसात धरलेला नाही.

आपाचा मेंढा उगाच नव्हता. जुमादिल तीस वर्षं उझगेनचा फोटोवाला. गावातल्या निम्म्या लोकांच्या लग्नातले डोळे त्यानं उघडे पकडलेले, आणि उरलेल्या निम्म्यांचे मिटलेले. पण गेली दोन वर्षं लग्नं एल्दियार नावाच्या पोरसवद्या गड्याकडे जाऊ लागली होती. त्याच्याकडे उडणारं यंत्र होतं. उझगेनची नवरी आता वरून दिसायची, कावळ्याला दिसते तशी. जुमादिलचा फिल्मचा कॅमेरा दुकानाच्या काचेआड शोभेला बसला, आणि त्याच्या शेजारी जुमादिलही बसला.

अशात आपाच्या मुलाचं, एर्मेकचं लग्न ठरलं. व्याह्यांनी एल्दियारचं नाव काढलं, तेव्हा आपा म्हणाली, आमच्या घरचे फोटो माझा भाऊ काढतो, आणि समोरून काढतो. भरल्या दस्तरखानावर, जेवणाच्या चादरीशी बसून बोललेला शब्द. जुमादिलनं मग डोळे मिटून जपानी डिजिटल कॅमेरा घेतला. हे लग्न नीट पार पडलं तर तो आणखी दहा वर्षं फोटोवाला राहणार होता. फजिती झाली तर त्याची पाटी उतरणार होती आणि बहिणीची मान खाली जाणार होती. लग्नाला बारा दिवस होते.

पहिले दोन दिवस कॅमेरा दाखवण्यातच गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी आपाच्या लक्षात आलं, की दुवा झाली पण उधळण राहिली. नव्या नवरीवर करतात तशी कॅमेऱ्यावरही उधळण व्हायलाच हवी, असं ती म्हणाली. आणि आपा एकदा म्हणाली, की उझगेनमध्ये ती रूढी कधीपासूनची आहे हे कुणी विचारत नाही. तिनं पिशवीत हात घातला, गोळ्या, बेदाणे आणि जर्दाळूच्या खारवलेल्या भाजक्या बिया यांची ओंजळ भरली आणि मनापासून फेकली. आपाचा हात तरुणपणी गोफणीवर बसलेला. एक बी कॅमेऱ्याच्या तोंडावर लागली आणि टण्ण असा आवाज आला.

सगळे हसले. शकुन चांगला आहे, असं ठरलं. काच पक्की आहे, असं आपाचे यजमान तुर्दाकून म्हणाले, आणि ती बी उचलून त्यांनी फोडून खाल्ली.

तिसऱ्या दिवशी जुमादिलनं पहिला फोटो काढला तो ह्याच तुर्दाकूनचा. मेव्हणे अंगणात तुतीखाली बसले, डोक्यावर पांढराशुभ्र नमद्याचा कलपाक. फोटो झाला. जुमादिलनं पाठीमागच्या छोट्या पडद्यावर पाहिलं तर कलपाकावर खसखशीएवढा लाल ठिपका.

"जेज्दे, टोपीला काहीतरी लागलंय," तो मेव्हण्यांना म्हणाला.

कलपाकाला 'टोपी' म्हटल्याबद्दल तुर्दाकूननं आधी त्याच्याकडे रोखून पाहिलं. मग कलपाक काढला, उलटापालटा केला, झटकला, फुंकला आणि परत चढवला. दुसऱ्या फोटोत ठिपका तिथंच. पुन्हा झटकला. तिसऱ्यात तिथंच. चौथ्या वेळी मेव्हण्यांनी मान जरा उजवीकडे घेतली, तर ठिपका कलपाकावरून उतरून तुतीच्या खोडावर जाऊन बसला. कलपाक स्वच्छ होता. जेज्दे स्वच्छ होते. कॅमेऱ्याच्याच डोळ्यात काहीतरी होतं.

त्यानं काच पुसली. रेशमी रुमालानं पुसली, मग सुती रुमालानं, मग श्वास सोडून पुसली. भिंतीचा फोटो काढला, आभाळाचा काढला, मेंढ्याचा काढला. भिंतीवर ठिपका, आभाळावर ठिपका, मेंढ्यावर ठिपका. डावीकडे वरच्या कोपऱ्यात, कडेपासून नखभर आत, कायमचा मुक्काम ठोकून बसलेला. फिल्मच्या दिवसांत निगेटिव्हवरचा डाग तो एका केसाच्या ब्रशनं घालवायचा. कागदावर छापल्यावर हाही घालवता आला असता. पण हल्ली लोक कागदाची वाट बघत नाहीत. फोटो निघाला की दहा डोकी छोट्या पडद्यावर वाकतात, दोन बोटांनी चित्र मोठं करतात आणि जे दिसायला नको नेमकं तेच बघतात.

त्यानं ओशच्या दुकानदाराला फोन लावला. ओदिलजान नावाचा तो उझबेक दुकानदार गोड बोलणारा, गिऱ्हाइकाला आका म्हणजे दादा म्हणणारा होता. त्यानं आधी घरच्यांची, मग गुरांची, मग पिकाची खुशाली विचारली आणि शेवटी म्हणाला, ठिपका आहे तर काही हरकत नाही, चौदा दिवसांत खोक्यासकट आणा, बदलून देतो.

"फक्त एक विचारतो, आका. कुठं पडला-आपटला नाही ना? काही लागलं-बिगलं नाही ना त्याला?"

जुमादिलच्या कानात टण्ण झालं.

"विचारून सांगतो," तो म्हणाला आणि फोन ठेवला. कुणाला विचारून सांगणार होता, हे त्याचं त्याला माहीत नव्हतं.

त्या दिवसापासून जुमादिलची बैठक मोडली. बसला की उठायचा, उठला की अंगणात जायचा, अंगणात गेला की कशाला आलो म्हणून परत फिरायचा. भानगड साधी नव्हती. बी लागली म्हणून ठिपका पडला असेल, तर ते लपवून कॅमेरा बदलून घेणं ही लबाडी. सांगून टाकावं, तर ओदिलजान बदलून देणार नाही. बरं, तोही प्रश्न बाजूला ठेवला, तरी एकेचाळीस जणांचं कोरुमदुक खाऊन झालेलं. अक्रोड फोडलेले, अंडी उकडलेली, रुमाल बायकोच्या डोक्यावर. दुवा दिलेली वस्तू परत करायची म्हणजे आठवड्याभरानं सुनेला माहेरी पोचवून, हिच्या गालावर तीळ निघाला, म्हणण्यासारखं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे आपा. कॅमेरा बिघडला हे तिला कळलं, की कुणाच्या हातानं बिघडला हेही त्याच क्षणी कळणार. मुलाच्या लग्नाच्या तोंडावर. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत.

बायको झूराकान हिला त्यानं सांगितलं, कारण तिच्यापासून काही लपवायचं तर त्यासाठी वेगळं घर बांधावं लागलं असतं.

"म्हणजे बी कॅमेऱ्याला लागली आणि बिघडलात तुम्ही," ती म्हणाली. "जाऊन सांगा ना आपांना."

"काय सांगू?"

"हेच. की तुमचा हात जड आहे. मी पंचवीस वर्षं सांगतेय, पण माझं सांगणं म्हणजे भावजयीचं सांगणं."

जुमादिल उठला आणि अंगणात गेला.

कुठल्याशा सकाळी, पाचव्या की सहाव्या दिवशी, त्याला उपाय सापडला. शाळेत मास्तरांचा फोटो काढायचा होता. त्यानं सगळ्यांना उभं केलं, आणि ठिपका मुख्याध्यापकांच्या टकलाच्या बरोबर वर, पांढऱ्या भिंतीवर चमकू लागला. जुमादिलनं इकडेतिकडे पाहिलं. भिंतीवर आग विझवायचं लाल नळकांडं टांगलेलं होतं. त्यानं सगळ्या मास्तरांना अडीच पावलं उजवीकडे सरकवलं, स्वतः गुडघ्यावर बसला, आणि नळकांडं बरोबर डाव्या कोपऱ्यात आणलं. लालावर लाल. ठिपका गडप.

मग त्याला चटकच लागली. नगरपालिकेत त्यानं साहेबांच्या मागं झेंडा हलवून हलवून डावीकडे आणवला. देशाचा झेंडा लालच, त्यात ठिपका असा बुडाला की साहेब स्वतः म्हणाले, वा, देशप्रेम कसं उठून दिसतंय. दवाखान्यात लाल चंद्रकोर होती. न्हाव्याकडे जुनी लाल धोकटी होती, तिला खिळ्यावर टांगून न्हाव्याचा फोटो झाला. जिथं काहीच लाल नसे तिथं तो कॅमेरा उलटा धरायचा, म्हणजे ठिपका खाली उजवीकडे येऊन लोकांच्या बुटांत जायचा. गावात बोलबाला झाला की जुमादिल नव्या कॅमेऱ्यावर काहीतरी नवी कला शिकून आलाय. एल्दियारसुद्धा एकदा लांब उभा राहून बघून गेला, आणि दुसऱ्या दिवशी त्यानंही एका बारशात कॅमेरा उलटा धरला म्हणतात.

पण कला करणाऱ्याच्या जिवाला चैन नव्हती. जुमादिलचे डोळे सतत लाल शोधत फिरायचे. रस्त्यानं जाताना डाळिंबाची गाडी दिसली की तो थांबून, ती डावीकडे येईल असा दोन पावलं सरकायचा. चहाला बसला की चेरीच्या मुरंब्याची बरणी उचलून दस्तरखानाच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात ठेवायचा.

"मुरंबा काय करतोय तुमचं?" झूराकान विचारायची.

"कुठं काय."

"कालपासून तिसऱ्यांदा हलवलात. खायचा असेल तर खा, नाहीतर एका जागी राहू द्या बिचाऱ्याला."

आणि रोज सकाळी तो बोटं मोजायचा. चौदातले सात गेले. आठ गेले. नऊ गेले. रोज ठरवायचा, आज ओशला जातो. रोज गाडीतळापर्यंत जायचा, गाडीत बसलेल्यांत कोरुमदुक देऊन गेलेला कुणी ना कुणी निघायचाच, 'काय, कॅमेरा कसा आहे?' म्हणून विचारायचा, आणि जुमादिल 'झकास' म्हणून घरी परतायचा.

लग्नाच्या आदल्या दिवशी तो आपाच्या घरी जाऊन नवरी बसणार त्या खोलीत लाल गालिचा टांगून आला. खिळा तुर्दाकूननं मारला. मग वीतभर डावीकडे मारला. मग चार बोटं वर. मग उपटून पुन्हा थोडा खाली. चौथ्या वेळी मेव्हण्यांनी हातोडी खाली ठेवली, आपणहून कलपाक काढला, झटकला आणि परत घातला. आपा दारात उभी राहून बघत होती. जुमादिल तिच्याशी बोलला, पण मान वर न करता.

बारावा दिवस उजाडला. अंगणात मोठ्या कढईत उझगेनच्या लालसर तांदळाचा पुलाव रटरटत होता. त्याच्याकडे पाहूनही जुमादिलच्या मनात आलं, की हा वरच्या कोपऱ्यात कसा आणता येईल. सकाळभर सगळं बेतानं चाललं. वऱ्हाड गालिच्यापुढे, व्याही गालिच्यापुढे, पंगतीतल्या म्हाताऱ्या गालिच्यापुढे. एकाही फोटोत ठिपका नाही. जुमादिलला वाटलं, निभावलं.

आता एकच फोटो उरला, पण अख्ख्या लग्नात खरा फोटो तोच. सासू नवरीच्या डोक्यावर पांढरं वस्त्र घालते तो. हे एकदाच होतं. पुन्हा घाला म्हणता येत नाही, अपशकुन होतो. जुमादिल खोलीत गालिचा चौकटीत धरून, गुडघे मोडून तयार बसला होता. आणि बायकांनी नवरीला, बेगिमायला, आणलं ते मागच्या दारानं. पुढच्या दारात पुलावाची परात अडकली होती. आपा पांढरं वस्त्र घेऊन उलट्या बाजूनं पुढं झाली. जुमादिल गर्रकन वळला, गालिचा पाठीशी गेला, समोर पांढरी भिंत, पांढरा पोशाख, पांढरं वस्त्र. आपाचे हात वर गेले. त्यानं बटण दाबलं.

दहा डोकी छोट्या पडद्यावर वाकली. नवरीच्या कपाळावर, वस्त्राच्या काठाखाली, दोन भुवयांच्या बरोब्बर मध्ये, लालभडक ठिपका.

नवरीची आजी म्हणाली, "अगबाई, थेट हिंदी सिनेमातली दिसते." ती तरुणपणी एकेक हिंदी सिनेमा सात-सात वेळा रडून आलेली बाई. तिनं तोंड भरून कौतुक केलं, मग बाकीच्यांनीही केलं, आणि फोनवाल्या मुली पडद्याचे फोटो काढू लागल्या. सगळे हसत होते. आपा हसली नाही. तिनं भावाला दंडाला धरलं आणि कढईच्या मागं नेलं.

"उका," थोरलीनं धाकट्याला म्हणावं तसं ती म्हणाली, "हा ठिपका पहिल्या दिवसापासून आहे ना?"

"कुठला ठिपका?"

"तुझं नाक पुसलंय मी. मला नको शिकवू."

जुमादिल पुलावाकडे बघत राहिला. मग म्हणाला, आहे.

"माझीच बी ती," आपा म्हणाली. "टण्ण वाजलं तेव्हा तुम्ही सगळे हसलात. मी मात्र दोनदा कौल सांगणाऱ्या बाईकडे जाऊन आले. त्या बाईनं एकेचाळीस घेवड्याचे दाणे मांडले आणि म्हणाली, घरात कुणीतरी काहीतरी लपवतंय. मला वाटलं, मीच ती."

"मला वाटलं, मी."

"दाण्यांना काय, कुणीही चालतं." तिनं डोक्यावरच्या रुमालाच्या टोकानं डोळे पुसले, आणि धुरामुळे, असं कुणी न विचारता सांगितलं. "दुकानातून बदलून घ्यायचा शेवटचा दिवस कधी?"

"परवा."

"मी येते. दुकानदाराला मी सांगते."

"आपा, सांगितलंस तर तो बदलून देणार नाही."

"नाही सांगितलं, तर बदललेल्यातसुद्धा ठिपका निघेल," आपा म्हणाली आणि पुलाव वाढायला गेली.

चौदाव्या दिवशी सकाळी दोघं ओशच्या गाडीत बसली. जुमादिलच्या मांडीवर खोकं, आपाच्या मांडीवर पिशवी. गाडीत कोरुमदुकवाला एक भेटलाच, त्यानं 'कॅमेरा कसा आहे?' विचारलं. जुमादिलनं तोंड उघडायच्या आत आपा म्हणाली, आजारी आहे, डॉक्टरकडे नेतोय. पुढचा तासभर त्या माणसानं खिडकीबाहेर पाहिलं.

एरवी ख्यालीखुशाली विचारण्यात आपाचा हात धरणारं कुणी नाही. गाईच्या पोटातल्या वासरापर्यंत ती पोचते. पण त्या दिवशी ओदिलजाननं छातीवर हात ठेवून सलाम केला, तोच ती म्हणाली, "मीच मारला."

ओदिलजाननं जुमादिलकडे पाहिलं, मग खोक्याकडे.

"जर्दाळूची बी," आपा म्हणाली. "उधळण करताना. काचेवर बसली. ह्याचा काही दोष नाही. आता बदलून द्यायचा तर दे, नाही द्यायचा तर तसं सांग."

ओदिलजाननं थोडा विचार केला.

"खारवलेली की साधी?"

"खारवलेली."

त्यानं, जणू त्यावर सगळं अवलंबून असावं अशी, मान डोलावली. मग कॅमेरा हातात घेतला, काच फिरवून फिरवून उजेडात पाहिली आणि सांगितलं, की आपा, बी खारवलेली असो, साधी असो, नाहीतर सफरचंद असो, त्यानं ठिपका पडत नाही. काच पुढे आहे. तिच्या खूप आत एक चौकोन आहे, नखापेक्षा थोडा मोठा, त्यात एक कोटी ऐंशी लाख बारीक डोळे आहेत. त्यातला एखादा जन्मतःच असा निघतो, की मिटतच नाही. कारखान्यातूनच तसा येतो. हा तुमच्या बीच्या आधीपासून लालच होता.

आपा स्टुलावर बसली. बारा दिवसांचं ओझं उतरलं की माणूस जरा रागावतंच. "मग मी घेवड्याच्या बाईला दोन कोंबड्या कशाला दिल्या?" ती म्हणाली.

ओदिलजाननं आतून नवं कोरं खोकं आणून जुन्याशेजारी ठेवलं. हाच कॅमेरा, हाच रंग, ठिपका नाही. जुमादिलचा हात आपोआप तिकडे गेला. झालं, इतके दिवस ज्याच्यासाठी जीव टांगणीला लागला होता ते चार बोटांवर होतं.

"आणि दुवा?" आपा म्हणाली.

"दुवा काय?"

"दुवा ह्या कॅमेऱ्यावर दिलीय. एकेचाळीस जणांनी. तुर्दाकूनच्या चुलत्यानं तर काठी टेकत येऊन दिली, आणि तो आता पुन्हा येतोय की नाही कोण जाणे. हा इथं ठेवलास तर ती कुणाला जाणार? कुठल्या तरी परक्याला." तिनं दोन्ही खोक्यांकडे पाहिलं. "पण फोटो तुला काढायचेत. मी काही बोलत नाही."

आपा काही बोलत नाही म्हणाली, म्हणजे बोलून झालेलं असतं. पण ह्या वेळी ती खरोखरच गप्प बसली, आणि हे जुमादिलला जास्त जड गेलं. त्यानं नव्या खोक्यावर हात ठेवला. पुढच्या दहा वर्षांचे फोटो त्याच्या डोळ्यांसमोरून गेले, स्वच्छ, पांढरेशुभ्र. मग तुर्दाकूनचा म्हातारा चुलता गेला, काठी टेकत. मग कपाळावर ठिपका असलेली बेगिमाय गेली, आणि तिची आजी, आणि तो फोटो आपापल्या फोनमध्ये घेऊन बसलेलं सगळं वऱ्हाड. त्यानं नवं खोकं दोन्ही हातांनी हळूच परत सरकवलं.

"असू दे," तो म्हणाला. "माझा हाच. लाल गालिचा कुठंही मिळतो."

आपानं नाक ओढलं. ओदिलजाननं नवं खोकं आत नेऊन ठेवलं, परत आला, जुना कॅमेरा उचलला, त्याच्या तोंडावर झाकण बसवलं, कुठली कुठली बटणं दाबली आणि तो गल्ल्याजवळ ठेवून चहा ओतू लागला. चहा अर्धा होईतो कॅमेरा आत कुरकुरला आणि गप्प झाला. ओदिलजाननं झाकण काढून पांढऱ्या भिंतीचा फोटो घेतला आणि पडदा जुमादिलपुढे धरला.

भिंत पांढरी होती. जुमादिलनं दोन बोटांनी मोठी केली. पांढरीच. त्यानं कॅमेरा उलटा धरून पाहिला. पांढरीच.

"कुठं गेला?" आपानं विचारलं.

"जातोय कुठं. आहे तिथंच आहे, डोळा उघडाच आहे. कॅमेऱ्यानं त्याच्याकडे लक्ष द्यायचं नाही असं ठरवलं, एवढंच."

दोन दिवसांची सासू झालेल्या आपाला हे लगेच पटलं.

जुमादिलच्या कानशिलाची शीर मात्र उडत होती. "हे फोनवर का नाही सांगितलंस, उका? बारा दिवस मी गावातली नळकांडी मोजत फिरलो."

ओदिलजाननं शांतपणे चहाचा घोट घेतला. "आका, तुम्ही ठिपका आहे म्हणालात, मी बदलून देतो म्हणालो. मी विचारलं काही लागलं का, तुम्ही म्हणालात विचारून सांगतो. मी अजून वाट बघतोय."

निघताना आपानं ओदिलजानला बजावलं, की ठिपका गेला म्हणजे कॅमेरा आता नव्यानं नवा झाला, आणि तो पहिल्यांदा पाहणारा तू. ओदिलजान मुकाट उठला आणि त्यानं काच पुसायचं एक मऊ फडकं कोरुमदुक म्हणून जुमादिलच्या हातावर ठेवलं. बेचाळीस.

दुपारी दोघं उझगेनला पोचली तेव्हा तुर्दाकून तुतीखालीच बसले होते. जुमादिलनं कॅमेरा काढला. मेव्हण्यांनी काही न विचारता कलपाक उतरवला, झटकला, फुंकला, परत चढवला आणि बर्फाच्या डोंगरासारखे ताठ बसले. फोटो निघाला. कलपाक निर्मळ होता. तरी जुमादिलनं डावा कोपरा मोठा करून पाहिला, आणखी मोठा करून पाहिला, आणि मग सवयीनं जेज्दे दोन पावलं उजवीकडे सरकतील का, असं विचारलं. मागं दोरीवर लाल गोधडी वाळत होती.

"आता कशाला?" तुर्दाकून म्हणाले.

"असूद्या. बरं दिसतं."

ते सरकत होते तेवढ्यात जुमादिलला मागून पिशवीची सळसळ ऐकू आली. त्यानं वळून पाहिलं. आपाचा उजवा हात कोपरापर्यंत पिशवीत होता.

"आपा, नको," तो म्हणाला.

"नवा झालाय ना? मग कोरडा कसा ठेवायचा?"

जुमादिलनं झाकण लावलं, कॅमेरा पोटाशी धरला, वर बेचाळिसावं फडकं दाबलं, आणि अंगणाच्या मधोमध गुडघे टेकून पाठ वर केली. आपाचा हात तसाच होता, गोफणीवर बसलेला. पहिली बी त्याच्या मानेवर लागली, दुसरी खांद्यावर, मग ओंजळच्या ओंजळ.